हुकूम आणि अधिकार

मोठ्या पदावर चढला म्हणजे मनुष्य आपल्या मर्जीचा धनी होतो, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते; कित्येक पालकांचीही असते. व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांचें चरित्र वाचणाऱ्याची ही समजूत टिकणार नाहीं.

मराठी घराण्यांत १९१३ सालीं जन्मलेले सोमण जून १९६२ पासून मार्च १९६६ पर्यंत भारतीय नौदलाचे प्रमुख होते. रामदास कटारी यांच्यानंतर त्या स्थानीं बसणारे ते दुसरेच भारतीय होत. त्यापूर्वीं, डिसेंबर १९६१ मध्यें गोमंतक मुक्त झाला, तेव्हां आरमाराचें आधिपत्य त्यांजकडेच होतें. मार्मागोवा बंदरांत ‘बेतवा’ व ‘बियास’ या नौकांनीं ‘आफोंसो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेस निकामी केलें. अंजदीव बेटावर सात खलाशी कामास आले.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती १९६५ च्या सप्टेंबरांत. पाकिस्तानशीं युद्ध जुंपलें होतें. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठीं मुंबईच्या गोदींत अडकली होती. ७ तारखेच्या रात्रीं शत्रूच्या जहाजांनीं द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान थोडें झालें, पण नौदलावर टीकेची झोड उठली. मुंबईपासून २०० मैलांपलीकडे व पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस नौदलानें चढाईस जाऊं नये, हा सरकारचा हुकूम लोकांस ठाऊक नव्हता. युद्ध फार पसरूं नये, हा त्यामागील हेतु. सोमणांनीं हरकत घेतली. संरक्षणमंत्री व पंतप्रधान यांजपुढें आपलें म्हणणें मांडलें. हुकूम बदलला नाहीं. त्यांनीं तो पाळला.

कोणी म्हणेल, यांत पराक्रम कोणता? माझ्या मतें हाच मोठा पराक्रम होय. ज्या देशांत तोफा बाळगणारे लोकनियुक्त सरकारचें ऐकत नाहींत, तेथें अखेर प्रजेस तोफांचें ऐकावें लागतें. तथापि, मुकाट्यानें मान डोलावणें म्हणजेही आज्ञापालन नव्हे. वरिष्ठांचें चुकतें असें वाटल्यास तें त्यांच्या समक्ष सांगणें, आणि निर्णय झाल्यावर तो निष्ठेनें पाळणें, या दोहोंचा मेळ घालणें अवघड आहे. लाचारास पहिली गोष्ट साधत नाहीं, उद्दामास दुसरी.

पुढें १९७१ सालीं सरकारनें मोकळीक दिली आणि ४ डिसेंबरच्या रात्रीं आपल्या क्षेपणास्त्रनौकांनीं कराचीवर यशस्वी हल्ला केला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ नौदल दिन पाळतात. तें यश पाहण्यास सोमण पदावर नव्हते; पेरणाऱ्यासच कापणी लाभते असें नाहीं.

विद्यार्थ्यांनो, गणवेषाच्या चकाकीस भुलून समुद्राकडे वळूं नका. आधीं आपल्या वर्गांत पाहा: गुरुजींस नम्रपणें शंका विचारण्याचें धैर्य आणि उत्तर मिळाल्यावर नेमून दिलेलें काम करण्याचा संयम, हे दोन्ही गुण आपल्या अंगीं आहेत काय? पालकांसही विनंती, मुलगा सविनय प्रश्न विचारील तर त्यास उर्मट म्हणून गप्प बसवूं नये. अशाच मुलांच्या हातीं उद्यां अधिकार निर्भयपणें सोंपवितां येईल.