वेगळी विहीर नको

वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांना जो गुणतक्ता देतात, त्यात आवाजातला चढउतार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान असे रकाने असतात. समोरच्याच्या आक्षेपाला उत्तर दिलं की नाही, हा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही. मग मुलं मुठी आवळतात, आवाज चढवतात, शेवटी एखादा शेर टाकतात आणि ढाल घेऊन घरी जातात. त्यांतलीच काही पुढे साहेब होतात आणि गावकऱ्यांना सुनावतात, "भाषण नको, मुद्द्याचं बोला."

परीक्षकाला भाषणातला जोश हवा असतो, साहेबाला तो नको असतो. पण हक्कांसाठी केलेलं भाषण म्हणजे भावना पेटवण्याची कला, हे दोघांनीही धरूनच ठेवलेलं असतं. माझा वाद या गृहीताशी आहे. मानवी हक्कांची जी भाषणं जगाच्या लक्षात राहिली, ती आधी युक्तिवाद होती. त्या सगळ्यांत एक डाव पुन्हा पुन्हा दिसतो: वक्ता आपली गरज पुढे करायचं टाळतो. कारण गरज भागवून हक्क नाकारता येतो.

महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्याले, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. २५ डिसेंबरला परिषद पुन्हा भरली. अध्यक्ष तहानेवर बोलतील, असं कुणालाही वाटलं असतं. उन्हात तडफडणारी माणसं आणि समोर भरलेलं तळं, यापेक्षा हृदयद्रावक चित्र कोणतं? बाबासाहेबांनी ते चित्र बाजूला सारलं. या तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आपण जगलोच आहोत. इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला आपण तळ्यावर जाणार आहोत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आणि या सभेची तुलना त्यांनी १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली.

यात हातवारे कुठे आहेत? यात प्रतिपक्षाची वाट आधीच बंद करणं आहे. तहान हेच कारण असतं, तर महाडच्या सवर्णांना उत्तर सोपं होतं: तुम्हाला वेगळी विहीर खोदून देतो. पाणीही मिळालं असतं आणि विटाळही शाबूत राहिला असता. तहानेचा मुद्दा सोडून दिल्याबरोबर ही तडजोड निकालात निघाली. फ्रान्सचा दाखला विद्वत्ता मिरवायला आला असंही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कोकणातल्या एका तळ्याचं भांडण गावकीच्या पंचायतीतून उचलून जगाच्या इतिहासात नेऊन ठेवलं की 'हा आमच्या गावचा रिवाज आहे' हे उत्तर तोकडं पडतं.

नागपूरच्या भाषणाचीही बांधणी अशीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, १५ ला भाषण, आणि १६ ला बाबासाहेब चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) आले; बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांनी तिथला सोहळा उभा केला होता.  नागपूरच्या भाषणाची सुरुवात घोषणेने होत नाही, ती खंडनाने होते. नागपूर का निवडलं याबद्दल उठलेल्या वावड्या ते आधी खोडून काढतात, मग नाग लोकांचा इतिहास सांगतात. पुढे मेलेली गुरं ओढण्याचा प्रश्न येतो. ते काम सोडल्याने तुमच्या लोकांचं केवढं नुकसान होतं, असा रुपयांचा हिशेब विरोधक मांडत होते. बाबासाहेबांनी तो हिशेब त्यांच्याच गळ्यात घातला: एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच घ्या. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, हे वाक्य या उत्तरानंतर येतं. टाळ्या त्या वाक्याला पडल्या असतील, पण त्याचं वजन आधीच्या उत्तरातून आलेलं आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाबतीत तर आपण भाषणाचा अर्धाच भाग पाठ करतो. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आधी वचनचिठ्ठीची गोष्ट सांगितली. देशाने समतेचं लेखी वचन दिलं आणि काळ्या नागरिकांच्या हाती न वटलेला चेक ठेवला, तो वटवायला आम्ही राजधानीत आलो आहोत, असा तो युक्तिवाद. लिहून आणलेल्या मसुद्यात तो होता. स्वप्नाचा भाग त्यात नव्हता, तो किंग ऐनवेळी बोलले. चेक वटवायला आलेला माणूस दान मागत नाही. तो येणेकरी असतो. हे एकदा ठरलं की मगच स्वप्न बोलायला जागा होते.

आणि आदिवासींचे नेते जयपालसिंग मुंडा. १९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत त्यांनी 'जंगली' ही शिवी अभिमानाने स्वतःला लावून घेतली आणि सभागृहाला सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. मागासांवर दया करायला बसलेल्या सभेची जागाच त्यांनी बदलून टाकली: शिकवणारे शिकणारे झाले.

आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गडचांदूरकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. आमच्या भागात चुनखडी आहे म्हणून सिमेंटचे कारखाने आहेत. मोठी खाण काढायची किंवा वाढवायची म्हटलं की २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे बहुधा जनसुनावणी घ्यावी लागते. मांडव पडतो, कॅमेरा सुरू होतो, टेबलामागे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आणि महसूलचे अधिकारी बसतात. एखादी बाई माईक हातात घेते. "मावशी, थोडक्यात सांगा." ती सांगते, विहीर आटली, कापसावर धूळ बसते, सुरुंगाने भिंतीला चीर गेली. उत्तर तयारच असतं: टँकर लावू, बोअर मारून देऊ, पोराला कामावर घेऊ. झालं. बाई खाली बसते. तिची गरज नोंदवली गेली, आणि तिला विचारल्याशिवाय हे करता येतं का, हा प्रश्न मांडवात कुणी उच्चारलाही नाही. बोअर म्हणजे महाडची वेगळी विहीरच.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो गंभीर आहे. ज्याच्या घरी पाणी नाही त्याने तत्त्व बोलावं आणि टँकर नाकारावा, ही पोट भरलेल्यांची अपेक्षा नाही का? टँकर नाकारा असं मी म्हणत नाही. टँकर घ्यावा, कारण तहान खरी आहे. पण टँकर म्हणजे उत्तर, असं कबूल करू नये. दिलेली सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्क तसा चालत नाही. हे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने करून दाखवलं आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा नीट ऐका. तिच्यात मागणी नाही, विनंती नाही. असलेली गोष्ट सांगितली आहे. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावाने वर्षानुवर्षं अभ्यास केला, निर्णय सर्वसहमतीने घेतले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. वनखात्याने दोन पैसे जास्त मजुरी दिली असती तर गाव गप्प बसलं असतं, असं ज्यांना वाटत होतं ते चुकले. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला दिलं, आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. पोटाचा प्रश्नही त्यातूनच सुटत गेला.

'भाषणाने काय होतं' म्हणणाऱ्यांना मी महाडचा निकाल दाखवीन. तळ्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. नुसत्या भाषणाने तळं खुलं झालं नाही, हे खरंच. पण १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला तेव्हा प्रश्न कुणाला तहान लागली हा नव्हता. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट सिद्ध होते का, हा होता. ती सिद्ध झाली नाही आणि सवर्ण हरले. हक्काचा जो प्रश्न भाषणाने पुढे ठेवला, त्याच मैदानात लढाई झाली.

म्हणून आमच्या शाळा-महाविद्यालयांना माझं सांगणं आहे की मुलांना जनसुनावणीला न्या. सुनावणी संपताना लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचं निवेदन स्थानिक भाषेत वाचून दाखवावं, असं त्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे. तोवर बहुतेक गावकरी गाडी पकडायला निघून गेलेले असतात. थांबा आणि ऐका. 'विहिरीला पाणी नाही' एवढंच लिहिलं असेल तर हात वर करा आणि 'आमच्या संमतीशिवाय खाण वाढवू नये' हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावा. ते कागदावर येईपर्यंत मांडवातून उठू नका.