कच्च्या लिंबाची बॅटिंग

तुमच्या गल्लीत एक तरी कच्चा लिंबू होताच. कदाचित तो तुम्हीच असाल. कुणाचा तरी धाकटा भाऊ, कुणाची तरी पाच वर्षांची बहीण. आईची अट असायची, ‘हिला पण खेळायला घ्या, नाहीतर तू पण घरात बस.’ मग ती लगोरीत पळायची, डबा ऐसपैसमध्ये लपायची, क्रिकेटमध्ये स्वतःएवढी बॅट धरून उभी राहायची. आऊट झाली तरी आऊट नाही. पकडली गेली तरी तिच्यावर राज्य नाही. हे कुणी तिला समजावून सांगत नसे, बाकीच्यांना मात्र पक्कं ठाऊक असायचं. मग दोनेक वर्षांनी एखाद्या संध्याकाळी तिच्यावर पहिल्यांदा राज्य यायचं, आणि पोरगी रडायच्या ऐवजी घरी जाऊन मिरवायची, ‘आज माझ्यावर राज्य आलं!’

कच्चा लिंबू म्हणा नाहीतर लिंबू-टिंबू. हा नियम कुठल्या क्रीडा संघटनेच्या पुस्तकात सापडणार नाही. तो पोरांनीच केला. पोरांची संख्या विषम झाली की एकाला ‘कॉमन’ करायचं, म्हणजे तो दोन्हीकडून फिल्डिंग करणार आणि दोन्हीकडून बॅटिंग, हाही त्यांचाच शोध. कुणाला घरी पाठवायचं नाही, एवढं एकच गणित त्यात होतं.

आता एखाद्या रविवारी सकाळी नवीन पनवेल, कामोठे, खारघर, कुठेही टर्फच्या जाळीबाहेर दहा मिनिटं उभे राहा. आत आठ-नऊ वर्षांची पोरं, अंगावर पूर्ण किट, पाठीवर नाव आणि नंबर. बाहेर पालक. एक बाबा व्हिडीओ काढताहेत आणि मधेच ओरडताहेत, ‘अरे पुढे ये! पुढे येऊन मार!’ आणि कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीन-चार पोरं, पॅड बांधून, तासभर तशीच बसलेली. फी त्यांचीही तेवढीच भरलेली असते. मॅच संपते, टीम जिंकते, ग्रुप फोटोत खुर्चीवरची पोरंही हसतात. घरी जाताना स्कूटरवर मागून नाही, पुढून प्रश्न येतो, ‘तुला का नाही घेतलं?’

आठ वर्षांच्या मुलाने याचं काय उत्तर द्यायचं?

हे पान तुमचं, कॉलेजवाल्यांचं. मग पालकांच्या गोष्टी इथे कशाला? कारण उन्हाळ्यात सोसायटीच्या शिबिरात शिट्टी घेऊन उभे असता ते तुम्ही. धाकट्याला टर्फवर सोडायला जाता ते तुम्ही. आणि दहावीच्या वर्षी बॅट, शटल, स्केट्स माळ्यावर टाकून कायमचे मैदानाबाहेर गेलात तेही तुमच्यातलेच पुष्कळ. आईबाबा जाळीबाहेर उभं राहून काय बघतात, हे तुम्हाला आतून माहीत आहे. म्हणून आज जे लिहितोय ते खरं त्यांच्यासाठी आहे. जेवणाच्या टेबलावर हे पान उघडं ठेवलंत तरी पुरे.

एक जुनी मॅच आठवून बघू. जानेवारी 2016, कल्याण. भंडारी कप, शाळांची 16 वर्षांखालची स्पर्धा. प्रणव धनावडे या मुलाने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. एवढी धावसंख्या त्याआधी कुणीच केली नव्हती. त्याची मेहनत अफाट होती, कौतुक व्हायलाच हवं होतं आणि ते झालंही. पण त्या स्कोअरकार्डाची दुसरी बाजू किती जणांना आठवते? समोरचा संघ पहिल्या डावात 31 वर बाद, मग यांच्या 3 बाद 1465, आणि पुन्हा समोरचे 52 वर बाद. समोरच्या संघातली बरीच मुलं वयाने लहान होती, हेही तेव्हा छापून आलं होतं. 1465 धावा होईपर्यंत ती मुलं उन्हात चेंडूमागे धावत होती. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. फक्त त्या दोन दिवसांत कुणा मोठ्या माणसाला ‘आता पुरे, सगळ्यांना जरा बॅटिंग देऊ’ म्हणावंसं वाटलं नाही. गल्लीतल्या पोरांनी ते म्हटलं असतं.

‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह’ किंवा ‘रिक्रिएशनल’ लीग म्हणतात ती हीच गल्लीची समजूत, जरा व्यवस्थित मांडलेली. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी खेळ. आलेल्या प्रत्येकाला सारखा वेळ मैदानात. निवड चाचणी नाही, गुणतालिका नाही, ‘मॅन ऑफ द सीरिज’ नाही. संघ दर खेपेला बदलायचे, म्हणजे ‘आमची टीम भारी’ हा प्रकार रुजत नाही. मुलगा गोलकीपरही होणार आणि पुढे स्ट्रायकरही. इथे पालकांचा पहिला गैरसमज होतो. त्यांना वाटतं, म्हणजे स्कोअरच नाही, हरणं-जिंकणंच नाही, सगळ्यांना मेडल. असं नसतं. पोरांना स्कोअर पाठच असतो, तुम्ही लिहा नाहीतर लिहू नका. हरल्यावर वाईटही वाटतं. फरक एवढाच की ते वाईट वाटणं वडापाव खाईपर्यंत टिकतं. तक्त्यावर आपलं नाव सगळ्यांत खाली लटकलेलं बघत पुढचा आठवडा काढावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. ‘जग स्पर्धेचं आहे, लहानपणापासूनच सवय नको का?’ मुद्दा टाकाऊ नाही. पण खुर्चीवर बसलेला मुलगा स्पर्धा शिकत नाही, तो बसायला शिकतो. हरायला शिकायचं तर आधी खेळावं लागतं.

नॉर्वेचं उदाहरण या बाबतीत नेहमी दिलं जातं. मुंबईच्या निम्म्याहूनही कमी लोकसंख्येचा देश. तिथल्या क्रीडा महासंघाने 1987 मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि 2007 मध्ये ते नव्याने मांडले. मूल 11 वर्षांचं होईपर्यंत निकालांच्या याद्या, तक्ते, क्रमवारी काही नाही. 13 च्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. मूल कुठला खेळ खेळणार, किती सराव करणार, यात मुलाचं मत धरायचं. आणि याच देशाने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं जिंकली, तोवर कुठल्याही देशाने एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये एवढी जिंकली नव्हती. नियमांमुळेच पदकं आली असं म्हणायला आम्ही धजावणार नाही. तिथे बर्फ आहे, पैसा आहे, गावोगावी क्लब आहेत. पण तक्ते न लावल्याने त्यांचं काही अडलं नाही, एवढं तर दिसतंच.

आपल्या रायगडची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती विसरून चालणार नाही. हा कबड्डीचा जिल्हा. रात्री लाइटच्या उजेडात गावच्या मैदानावर सामने, कमिटी, चषक, रोख बक्षीस. पनवेल-उरणच्या गावांतल्या टेनिस बॉल स्पर्धांमध्ये मोटरसायकलसुद्धा लागते बक्षिसाला. या स्पर्धांतून कित्येक पोरांना ओळख मिळाली, काहींना नोकरी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त 25 वाढीव गुण मिळतात, तेही मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरावीक पातळीवर खेळलं तरच. तेव्हा पालकांना हे स्पष्ट सांगायला हवं की रविवारच्या मजेच्या लीगमधून ना गुण मिळणार, ना सर्टिफिकेटचा उपयोग. ज्या घराला खेळातून वाट काढायची आहे, त्या घराने स्पर्धेतच जावं. त्याला नाक मुरडायचं काही कारण नाही. आमचा प्रश्न बाकीच्या पोरांचा आहे. वर्गातल्या साठपैकी दोघं शाळेच्या संघात गेली, उरलेल्या अठ्ठावन्न जणांनी काय करायचं? मोबाइल?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. याच संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये जगभरातली आकडेवारी मांडली, तर 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुलं तेवढं हलतच नाहीत. मुलींचं प्रमाण मुलांहून वाईट. संघात न निवडल्यामुळे खेळ सोडलेल्यांना या आकड्यातलं आपलं नाव शोधायला फार वेळ लागणार नाही.

मुलींचं तर वेगळंच बोलायला हवं. 30 ऑक्टोबर 2022 ला 17 वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. नेरूळ म्हणजे हार्बर लाइनवर पनवेलपासून सहावं स्टेशन. त्यानंतरच्या रविवारी आपल्या मैदानांवर किती मुली दिसल्या? दहा-बारा वर्षांची झाली की मुलगी मैदानावरून गायब होते, आणि त्याला कारण ‘आवड नाही’ हे क्वचितच असतं. जवळ स्वच्छ टॉयलेट नसतं. पाळी सुरू झाल्यावर कुणाशी बोलायचं कळत नाही. मैदानावर दुसरी मुलगी नसते. मॅथ्यू स्पेसी यांनी 1999 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मॅजिक बस या संस्थेने मुलं-मुली एकत्र खेळवण्याचा आग्रह धरला. आपल्या शेजारी कर्जतलाही त्यांचं केंद्र आहे. खेळ हा तिथे खेळाडू घडवण्यासाठी नसून शाळा, आरोग्य यांच्या गप्पांचं निमित्त असतो. अल्टिमेट फ्रिसबी या खेळाकडेही एकदा बघा. मुलं-मुली एका संघात खेळू शकतात, मोठ्या स्पर्धेतही रेफरी निकाल देत नाही, फाऊल खेळणाऱ्यांनीच मान्य करायचा. आपल्याकडे ‘खरं सांग, लागला ना बॅटला?’ म्हटल्यावर मान खाली घालून बॅट टाकणारे पोरगे असतात, त्यांना हा खेळ लगेच जमेल.

आता पालकांनी नाव घालण्याआधी काय विचारावं? पहिलं हेच, की माझा मुलगा एका सत्रात किती मिनिटं प्रत्यक्ष खेळेल. ‘ते सर बघतात’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर ती लीग मजेची नाही, नाव काही असो. शिकवणारा कोण, त्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा पोक्सो कायदा 2012 पासून आहे आणि चांगल्या संस्था या प्रश्नाने दुखावत नाहीत. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी, टॉयलेट. वेळ सकाळची, उन्हं चढायच्या आतली, कारण आपल्याकडचा घामट उन्हाळा लहान पोरांना लवकर थकवतो. आणि पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर पनवेलची मैदानं म्हणजे चिखल. त्या चार महिन्यांची फी आगाऊ घेत असतील, तर त्या काळात काय खेळवणार हे लेखी विचारा. ‘तुमच्या मुलात टॅलेंट आहे’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकू आलं तर पाकीट जरा घट्ट धरा. सात वर्षांच्या मुलात टॅलेंट ओळखणारा माणूस बहुधा पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स बॅच’ची पावती फाडायला बसलेला असतो.

यात पैसा मधे येतोच. टर्फ तासाच्या भाड्याने मिळतं, त्यामुळे प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी खिशातून जातं, आणि मग ‘वसूल’ व्हायला हवं असं घरात वाटणं साहजिक आहे. सिडकोच्या नकाशात सेक्टरागणिक मैदानं आहेत. प्रत्यक्षात त्यावर कधी लग्नाचा मांडव, कधी आनंदमेळा, कधी नुसत्या गाड्या. शिक्षणहक्क कायद्याच्या 2009 च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं स्पष्ट लिहिलंय. शाळांची ही मैदानं रविवारी कुलपात असतात. पनवेल 2016 मध्ये महानगरपालिका झाली. वॉर्डातल्या नगरसेवकाकडे आपण गटार, पाणी, खड्डे घेऊन जातो. शाळेचं मैदान रविवारी सकाळी दोन तास उघडा, एवढी मागणी कॉलेजच्या दहा पोरांनी सह्यांनिशी नेली तर ती काही आभाळाएवढी मोठी नाही.

मैदान मिळेपर्यंत सोसायटीच्या आवारातसुद्धा जमतं. दिवाळीच्या सुट्टीत बारा-चौदा पोरं गोळा करा. मऊ चेंडू, सहा कोन, एक प्रथमोपचाराची पिशवी. प्रत्येकाला दोन ओव्हर बॅटिंग, आऊट झाला तरी. लहान्यांना एक टप्पा माफ. संघ चिठ्ठ्या टाकून, दर वेळी नवे. मुली आल्या नाहीत तर त्यांच्या घरी एका ताईला पाठवा, दादाला नको. स्कोअर पोरांनाच ठेवू दे, भांडतील, पण मिटवतील. आणि पालकांसाठी खुर्च्या मांडायच्याच असतील तर मैदानापासून जरा लांब मांडा, चहा दिसेल पण बॅट नीट दिसणार नाही इतक्या.