धाकटीला काठावर ठेव

परवा भाचीचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत केरळला जायचं घाटतंय, थेक्कडीच्या बोटीची तिकिटं काढायची आहेत, मोठा साडेपाच वर्षांचा आणि धाकटी दोनाची. "मामा, तुम्ही जाऊन आलात ना? एवढ्या लहान पोरांना घेऊन जाण्यासारखं आहे का?" मी घाईघाईत "हो हो, जरूर जा" म्हणून मोकळा झालो. मास्तरकीची जुनी खोड, प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार! रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, आपण अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं इथे लिहितो. भाची वाचतेच, आणि नातवंडांना घेऊन हिंडणारे आमच्या वयाचे दुसरेही कुणी वाचतील.

आम्ही 2018 च्या जानेवारीत गेलो होतो. मुलगा, सून, पाच वर्षांची नात आणि आम्ही दोघं. आमचं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यामुळे जंगल मला नवं नाही. उत्तरेला पाहिलं की अंबाबरव्याचे डोंगर दिसतात. पण आमचं जंगल म्हणजे साग, सालई, पळस. फाल्गुन-चैत्रात पानं गाळून उघडंवाघडं उभं राहणारं. पाणी म्हणजे वाण नदी, तीही उन्हाळ्यात जागोजागी डोह राखून बाकी आटलेली. बारा महिने हिरवं राहणारं जंगल आणि त्याच्या मधोमध भरलेलं पाणी, हे मी सत्तरीच्या आसपास पहिल्यांदा पाहिलं. तिथे पाऊस दोनदा येतो, एकदा आपल्यासारखा जून-जुलैत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

ज्याला तळं म्हणतात ती खरं तर अडवलेली पेरियार नदी. मुल्लपेरियारचं धरण इंग्रजांनी 1895 साली पुरं केलं आणि पश्चिमेच्या समुद्राकडे जाणारं पाणी डोंगराला भोगदा पाडून पूर्वेला, तमिळनाडूच्या कोरड्या मुलखाकडे वळवलं. त्या पाण्याखाली जे जंगल गेलं त्याचे काळे बुंधे आजही पाण्यातून वर डोकावतात. त्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात, अगदी आमच्याकडे दोरीवर धोतर वाळत घालावं तसे. नातीनं विचारलं, "आजोबा, ही झाडं पाण्यात का उभी आहेत?" मी धरणाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना कुणी जॅकेट दिलं नव्हतं का?"

आता जॅकेटचंच सांगतो, कारण झोप उडाली ती त्यामुळे.

बोटीत बसताना प्रत्येकाला तरंगणारं जॅकेट घालायला लावतात, जागा ठरवून देतात, मध्येच उठू देत नाहीत. नातीला ते जॅकेट टोचायला लागलं. गळ्याशी घासतंय म्हणून तिनं भोकाड पसरलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले. आणि मी काय केलं? हळूच तिचे पट्टे सैल केले, वरचं बक्कल काढून टाकलं. "राहू दे गं, काही होत नाही." बोटीवरचा माणूस आला, एक शब्द न बोलता त्यानं बक्कल लावलं, पट्टे ओढून घट्ट केले, आणि माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलो नाही. पस्तीस वर्षं मी पोरांकडे तसंच पाहत आलो होतो. मला त्याचा रागच आला होता तेव्हा. मुक्कामी परतल्यावर मुलानं सांगितलं की याच पाण्यात 2009 साली, 30 सप्टेंबरच्या संध्याकाळी, 'जलकन्यका' नावाची दुमजली बोट उलटली आणि 45 माणसं गेली. काठावरचे प्राणी बघायला माणसं एका अंगाला झाली आणि बोट कलंडली, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यांच्या अंगात जॅकेटं नव्हती. त्या माणसाचं ते पाहणं कुठून आलं होतं, ते मग कळलं.

"काही होत नाही" हे आपल्याकडचं फार लाडकं वाक्य आहे. होतं. आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीवर 14 सप्टेंबर 2021 ला नाव उलटली, एकाच गोतावळ्यातली 11 माणसं गेली. दशक्रियेसाठी जमलेली मंडळी, धबधबा बघायला निघाली होती. केरळातच तानूरला 7 मे 2023 ला बोट बुडाली, 22 जण गेले, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. बडोद्याला हरणी तलावावर 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीतली 12 मुलं आणि 2 शिक्षिका... त्या बातमीनंतर मी दोन दिवस पेपर उघडला नाही. सगळ्या मुलांच्या अंगात जॅकेटं नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात वादळानं बोट उलटली, 6 जण गेले.

हरणीची बातमी इतकी लागली त्याला कारण आहे. मीही एकदा सातवीची पोरं घेऊन वारीला गेलो होतो. वारी म्हणजे वाण नदीकाठचं मारुतीचं ठिकाण, आता तिथे धरण आहे. बेचाळीस पोरं, दोन मास्तर. जेवणानंतर मोजली तर एकेचाळीस. त्या डोहानं आजवर किती जणांना ओढलंय ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते लिहिता येत नाही. पोरगं खडकाआड बसून दुसऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होतं. मी त्याला एक ठेवून दिली आणि मग मीच रडलो. "कावून रडता गुरुजी, मी तं इथंच हावो!" त्यालाच माझी दया आली.

तर मग पोरांना न्यायचंच नाही का? आमच्या वहिनींचं मत तसं आहे. "एवढ्याशा लेकरांना काय आठवणारे? पैसा पाण्यात." हे मला पटत नाही. आठवणीसाठी थोडंच सगळं करतो आपण? नातीला आता त्या फेरीतलं काही आठवत नाही म्हणते, पण पाण्याची भीती बाळगायची कशी आणि गंमत घ्यायची कशी, हे दोन्ही तिला येतं.

आणि मुलं काय बघतात ते मोठ्यांना कळतच नाही. आम्ही सगळे लांबच्या काठावर माना ताणून बसलेलो. तिकडे रानगवे होते, तपकिरी ठिपक्यांएवढे. मुलगा तिला दुर्बीण देऊन "बघ बघ" करत होता, तिला तिच्यात स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. ती बघत होती बोटीमागे उमटणारी पाण्याची घडी. पुढे एका बुंध्यापाशी पाणमांजरं दिसली, चार-पाच, मासा तोंडात धरून, आणि ती मात्र बोटीतल्या सगळ्यांच्या आधी तिलाच दिसली. पाच वर्षांच्या मुलाची नजर दहा हातांपलीकडे जात नाही, पण त्या दहा हातांत ती काही सोडत नाही. म्हणून वाघ दिसेल असं पोरांना कबूल करू नये. वाघ दिसत नाही, आणि मग बाकी जे दिसतं ते सगळं फुकट जातं. बोटीत मागे एका कुटुंबानं मुलाला हत्तीचं आश्वासन दिलं होतं. दीड तास तो "हत्ती कुठाय" करत होता आणि आई बिस्किटं भरवत होती.

भाची, तुझ्या मोठ्याला ने. पण सकाळच्या फेरीला. दिवाळीच्या दिवसांत तिकडे दुपारनंतर ढग गडगडतात. उघड्या जागी बस, बंद खोलीसारख्या भागात नको. बोट उलटली तर आत अडकायला होतं. आणि तिकिटाआधी जॅकेटचं विचार. कोकणात एका खाडीवर आम्हाला पोरासाठी मोठ्या माणसाचंच जॅकेट देत होते, "होतं ॲडजस्ट" म्हणून. होत नाही ते. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. जॅकेट सैल असलं की पाण्यात मूल खालून सटकतं आणि जॅकेट तेवढं वर तरंगत राहतं. घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढून बघायचं. हनुवटी, कान आत गेले तर ते त्याचं जॅकेट नाही. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तमच. आम्ही तेव्हा खाडीवरून तसेच परत फिरलो, सूनबाईंनी पोराला काठावर खेकडे दाखवले. बोटवाला हसला. हसू दे.

धाकटीचं मात्र नको. दोन वर्षांचं मूल दीड तास एका जागी पट्ट्यात बांधून बसत नाही, आणि ते बसलं नाही की माझ्यासारखा कुणीतरी शहाणा तिचं बक्कल काढणारच. तुझ्या सासूबाई सोबत आहेत ना? त्या दोघी काठावर थांबतील. तिथे माकडं भरपूर आहेत, धाकटीला तीच जास्त आवडतील. खाऊची पिशवी मात्र सांभाळायला सांग.

नाहीतर सरळ तिला सोनाळ्याला आणून सोड. आमच्या मागच्या अंगणात हौद आहे, गुडघाभर पाण्याचा. मी खुर्ची टाकून बसेन.