गौरव कापरेकरांचा, उपेक्षा वारसांची

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकविणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव नाशिककर अभिमानाने घेतात, आणि ते योग्यच आहे. चार आकडी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास, चारही अंक सारखे नसले म्हणजे, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या हाती येते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाला देवळाली ठाऊक झाली.

परंतु या गौरवाखाली एक अप्रिय सत्य झाकले जाते. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाला अनेक विद्वानांनी हसण्यावारी नेले. आपल्या पुस्तिका त्याला स्वतःच छापाव्या लागल्या. उतारवयात निवृत्तिवेतन पुरेना म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. त्यांच्या चिकाटीला वंदन करण्यास पैसे पडत नाहीत. समाजाने आपले कर्तव्य टाळले, हे कबूल करणे मात्र जड जाते.

आज चित्र कितपत पालटले आहे? सुरगाणा वा पेठ तालुक्यातून आलेला, घरातील पहिलाच पदवीधर असलेला तरुण गणितात पीएच.डी.साठी नाव नोंदवितो आणि पोटासाठी तासिका तत्त्वावर शिकवितो. तास झाला तर मानधन, नाही तर नाही. जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली खरी. पण ती मोजक्यांच्याच वाट्याला येते. बाकीच्यांना परिषदेला जायचे म्हणजे नोंदणी शुल्क, प्रवास आणि मुक्काम पदरचा, शिवाय बुडालेल्या तासांचे मानधनही गेलेले. लहान मूल असलेल्या संशोधिकेची अडचण तर कोणाच्या गावीही नसते.

निबंध घरबसल्या मोबाईलवर मिळत असता परिषद हवी कशाला, असे कोणी विचारील. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून त्याला खर्चही नाही असा समज आहे. वस्तुतः फळा आणि समोर बसलेला जाणकार शंकेखोर हीच गणिताची प्रयोगशाळा होय. सहा महिने छळणारी सिद्धतेतील चूक तो पाच मिनिटांत दाखवितो. ज्याला हा सहवास परवडत नाही, त्याच्यासाठी विद्येचे दार बंदच राहते. गुणवत्तेची निवड होण्यापूर्वी ऐपतीची निवड होते, ती ही अशी.

शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणचा शिलालेख या बाबतीत बोलका आहे. शके ११२८ मध्ये भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. निकुंभ घराण्यातील मांडलिक सोईदेवाने त्याला देणगी दिली. पेठेत येणाऱ्या मालावरील राजहिश्श्यातूनही मठाला वाटा लावून दिला गेला. सरंजामी काळातील मांडलिकाला जे सुचले, ते लोकशाही शासनाला आणि लाखोंची इमारत उभारणाऱ्या संस्थाचालकांना सुचू नये काय?

मागण्या साध्या आहेत. छात्रवृत्ती नसलेल्या संशोधकांना आणि तासिका शिक्षकांना नोंदणी शुल्क माफ असावे. एस. टी.चे भाडे आगाऊ मिळावे; ‘आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग पाहू’ हा खाक्या बंद व्हावा. मुक्कामाची सोय वसतिगृहात व्हावी, स्त्रियांसाठी पाळणाघर असावे. परिषदेच्या दिवसांचे मानधन कापू नये. तरुणांचे निबंध दिवसाच्या अखेरीस, रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकले जाऊ नयेत. ज्येष्ठांनी बसून ते ऐकावेत, आणि मराठीतून मांडणी करणाऱ्याला कमी लेखू नये. हारतुरे व स्मृतिचिन्हे आवरली, तरी यातील बराच खर्च भागेल.

नाशिकच्या विद्यार्थी व शिक्षक संघटनांतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मूठभर विद्वानांचा समजून बाजूस सारू नये. विद्येची मक्तेदारी मोडणे हा समतेच्या लढ्याचाच भाग आहे. महाविद्यालयांत आणि विद्यापीठाच्या अधिसभेत या मागण्या नेटाने मांडल्या गेल्या पाहिजेत. पुढच्या कापरेकराला त्याच्या हयातीतच, स्वतःच्या जिल्ह्यात ऐकणारे भेटावेत, हेच पहिल्या कापरेकरांचे खरे स्मारक ठरेल.