भाकीत खरे कॉन्फरन्सचे, खोटे संघांचे

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचा मोसम दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो. भाकितांचा बाजार मात्र त्याआधीच काही आठवडे भरतो. क्रीडा नियतकालिके आपापली क्रमवारी जाहीर करतात आणि प्रशिक्षकही मतदान करून आपल्या कॉन्फरन्समध्ये कोण पहिले येईल हे सांगतात. दक्षिणेतील सोळा विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ‘एसईसी’मध्ये, या मतदानाला विशेष महत्त्व दिले जाते. प्रशिक्षकाला स्वतःच्या संघाला मत देता येत नाही, एवढी एक अट त्यात असते. तरीही जाणकारांच्या या कौलाचे पुढे काय होते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा परस्परांशी नियमित सामने खेळणारा गट. त्या सामन्यांनंतर देशभरातून ६४ संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडले जातात आणि त्यांतील शेवटचे आठ जून महिन्यात नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी विजेतेपदासाठी खेळतात. या पातळीवर ‘एसईसी’चे वर्चस्व निर्विवाद आहे. २०१९ मध्ये व्हँडरबिल्ट, २०२१ मध्ये मिसिसिपी स्टेट, २०२२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठ, २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट, २०२४ मध्ये टेनेसी आणि २०२५ मध्ये पुन्हा लुइझियाना स्टेट अशी ही मालिका आहे. २०२० ची स्पर्धा महासाथीमुळे झाली नाही. २०२५ मध्ये तर ६४ पैकी १३ संघ याच कॉन्फरन्सचे होते. तेव्हा ‘एसईसी’चा कोणी तरी जिंकेल, असे सांगणाऱ्याला फारसा धोका नसतो.

धोका आहे तो त्यापुढचे नाव सांगण्यात. २०२५ च्या मोसमापूर्वी टेक्सास ए अँड एम हा संघ देशात अव्वल मानला गेला होता आणि कॉन्फरन्सच्या प्रशिक्षकांचा कौलही त्याच्याच बाजूने होता. आदल्या वर्षी तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. प्रत्यक्षात कॉन्फरन्समधील ३० सामन्यांपैकी त्याने ११ जिंकले, १९ गमावले आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्याला स्थानही मिळाले नाही. पहिले २४ सामने ओळीने हरलेल्या मिसूरीने त्याच्याच मैदानावर त्याला तीन वेळा धूळ चारली. मिसूरीचे मोसमातील कॉन्फरन्स विजय तेवढेच तीन! उलट, २०२४ मध्ये कॉन्फरन्समध्ये नव्याने दाखल झालेला टेक्सासचा संघ पहिल्याच वर्षी साखळीत अव्वल ठरला आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच टप्प्यात घरच्या मैदानावर गारद झाला. राष्ट्रीय स्पर्धेत अग्रमानांकन मिळालेल्या व्हँडरबिल्टची गतही तीच झाली. तेरा संघांपैकी ओमाहाला पोहोचले अवघे दोन.

हा एका वर्षाचा अपवाद म्हणावा, तर आधीची उदाहरणे आहेत. २०२१ चा विजेता मिसिसिपी स्टेट पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेस मुकला. २०२२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने कॉन्फरन्समध्ये १४ सामने जिंकले आणि १६ गमावले. ६४ संघांत अगदी शेवटी जागा मिळालेल्या या संघाने अखेर विजेतेपद पटकावले. भाकीत कधी फळतही नाही असे नव्हे. २०२३ मध्ये अव्वल मानलेला लुइझियाना स्टेटच विजेता ठरला. पण त्या वर्षीही कॉन्फरन्सची साखळी त्याला जिंकता आली नव्हती.

याचे पहिले कारण साध्या अंकगणितात आहे. सोळा संघ प्रत्येकी ३० सामने खेळतात, म्हणजे एकूण २४० सामने होतात. संघ कितीही बलाढ्य असले तरी २४० विजयांबरोबर २४० पराभवही कोणाच्या तरी पदरी पडणारच. सर्वच चांगले असले की चांगल्यांनाच हरावे लागते. शिवाय सामने आठवड्याअखेरीस तीन-तीनच्या मालिकेत होतात. चेंडूफेक करणारा एक प्रमुख पिचर कोपराच्या दुखापतीने बसला, तर अनेक आठवड्यांचा हिशेब कोलमडतो.

दुसरे कारण संघाच्या अस्थिरतेत आहे. चांगले खेळाडू साधारणतः तीन वर्षांनी व्यावसायिक संघांकडे जातात. त्यात २०२१ पासून दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती पहिल्या बदलापुरती उठली आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. पॉल स्कीन्स हवाई दलाच्या अकादमीतून लुइझियाना स्टेटमध्ये आला आणि एकाच मोसमात विजेतेपद मिळवून २०२३ च्या व्यावसायिक निवडीत पहिला ठरला. असा एक खेळाडू चित्र पालटतो. मात्र बाहेरून आलेल्या दहा-बारा जणांचा संघ म्हणून मेळ बसेल की नाही, हे कोणत्याही यादीत दिसत नाही. प्रशिक्षकही स्थिर नाहीत. टेक्सास ए अँड एमचे जिम श्लॉसनेगल २०२४ ची अंतिम लढत हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रतिस्पर्धी टेक्सासकडे गेले. टेनेसीला विजेतेपद मिळवून देणारे टोनी व्हिटेलो यांनी २०२५ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाची धुरा स्वीकारली. तात्पर्य, भाकीत गतवर्षीच्या नावलौकिकावर केले जाते आणि मैदानात उतरतो तो निराळाच संघ.

मग भाकिते चुकली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. करमणुकीपुरते काहीच बिघडत नाही. परंतु अपेक्षा आता केवळ चर्चेचा विषय राहिलेल्या नाहीत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पूर्वी बेसबॉलच्या संपूर्ण संघासाठी ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ती जाऊन या व्यवस्थेत सहभागी विद्यापीठांसाठी संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली. पैसा वाढला आणि जागा आटल्या. अशा वेळी पहिल्या क्रमांकाची अपेक्षा लादलेल्या संघात नवख्याला दोन वर्षे घडवत बसण्यापेक्षा तयार खेळाडू बाहेरून आणणे सोयीचे वाटते. संघ घसरला की प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची मागणी होते. २०२२ मध्ये विजेतेपदाच्या काही आठवडे आधीपर्यंत मिसिसिपीच्या माइक बियांको यांच्यावरही हीच वेळ आली होती. त्यांना तेव्हाच घरी पाठवले असते, तर पुढचा इतिहास घडला नसता.

जिथे सोळांपैकी तेरा संघ राष्ट्रीय स्पर्धेस पात्र ठरतात, तिथे अकरावा येणे ही नामुष्की नसते आणि पहिला येणे ही हमी नसते. कॉन्फरन्सच्या ताकदीचा अंदाज म्हणून या याद्या उपयुक्त आहेत. एखाद्या संघाचे यश आणि त्यातील विशीच्या मुलांचे भवितव्य त्याच यादीच्या मापाने मोजणे मात्र अन्यायाचे ठरेल.