यशवंत घाडगे कुणासाठी लढले?

१० जुलै १९४४. इटलीच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची सारी तुकडी कोसळली. ते एकटे मोर्च्यावर धावले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. वय अवघे २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘पण लढले इंग्रजांसाठीच ना?’ हे आमच्या शेगावातही ऐकू येते. हा हिशेब मला कोता वाटतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण युद्ध ठरवणाऱ्यांत नव्हता. त्यांना ज्ञात थडगेही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. इटलीतल्या मोंतोने गावाने मात्र २०२३ साली त्यांचे स्मारक उभारले.