शिक्षणचिंतन : ईहेला जागा देणारी शाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या समाजमंडळांत गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची तयारी सुरू होते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि ध्वनिक्षेपकावरून टक्केवारीचा उच्चार. ज्ञानाचा आदर करणाऱ्या समाजाला हा प्रघात शोभतोच. परंतु ज्या मुलीला ९७ टक्के गुण मिळाले, तिला दहा वर्षांत शाळेने एकदा तरी खऱ्या अर्थाने अडवले होते काय? ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही, ज्यासाठी दोन दिवस विचार करावा लागेल आणि तरीही कदाचित हाती काही लागणार नाही, असा प्रश्न तिच्यापुढे कोणी ठेवला होता काय? बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल. अशी मुले शाळेच्या निकालाची शोभा असतात आणि शाळेकडून त्यांना सर्वांत कमी मिळते.

वर्गात त्यांचे काय होते ते पाहा. शिक्षकांनी फळ्यावर लिहिलेले उदाहरण ती तीन मिनिटांत सोडवतात आणि उरलेला वेळ हाताची घडी घालून बसतात. शिक्षक दयाळू असतील तर त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणे देतात, म्हणजे लवकर काम केल्याची शिक्षा. फारच कौतुक झाले तर त्यांना वर्गप्रमुख करून इतरांच्या वह्या तपासायला बसवतात. या तिन्ही मार्गांनी मुलाच्या मनावर एकच गोष्ट ठसते, की हुशारी म्हणजे चटकन उत्तर येणे. पुढे अकरावीत किंवा प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जेव्हा पहिल्यांदा उत्तर चटकन येत नाही, तेव्हा ते मूल गोंधळते. आपली बुद्धीच संपली, असे त्याला वाटू लागते. प्रयत्न करून अपयश पचवण्याचा सराव त्याला कधी मिळालेलाच नसतो.

आपल्या परंपरेने जाणण्याच्या क्रियेचे जे पृथक्करण केले आहे, ते येथे आठवावेसे वाटते. तत्त्वार्थसूत्राने मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत दिलेले उदाहरण पाठशाळेत शिकलेल्यांना परिचित असेल. दूरवर काही पांढरे दिसले, हा अवग्रह. ती बगळ्यांची रांग असेल की पताका, हे जाणून घेण्याची आकांक्षा म्हणजे ईहा. विशेष खुणा पाहून निश्चय झाला, तो अवाय. आणि तो कालांतराने विसरला न जाणे, ही धारणा. आजची शाळा अवग्रहावरून थेट धारणेवर उडी मारते. शिक्षक सांगतात, मूल लक्षात ठेवते, परीक्षा ते परत मागते. मधली ईहा गळून पडते आणि निश्चय तर मार्गदर्शक पुस्तिकेने आधीच छापून दिलेला असतो. सामान्य गतीच्या मुलाचेही यात नुकसान आहेच. तीव्र बुद्धीच्या मुलाची मात्र उपासमार होते, कारण ईहा हेच त्याच्या बुद्धीचे अन्न.

या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, हा एक मार्ग झाला, आणि महाराष्ट्राला तो नवा नाही. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी प्रशाला सुरू केली. नवोदय विद्यालयांच्या योजनेतील पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाली; सहावीच्या प्रवेशासाठी निवड परीक्षा आणि ग्रामीण मुलांसाठी किमान ७५ टक्के जागा, हे तिचे सूत्र. या कार्याविषयी मला आदर आहे. पण चाळणी कितीही चांगली असली तरी दहा-अकरा वर्षांच्या वयात लावलेल्या चाळणीतून उशिरा उमलणारी मुले निसटतात. ज्यांच्या घरी पुस्तक नाही, ज्यांच्या आईवडिलांना अर्ज भरण्याची तारीख कळत नाही, तीही निसटतात. शिवाय निवड झालेल्यांची सोय झाली म्हणून उरलेल्या हजारो शाळा आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाहीत. ज्ञान हा जीवाचा स्वभावच आहे, आवरण तेवढे कमीअधिक, असे मानणाऱ्यांनी तरी कोणते मूल प्रज्ञावान हे आधी ठरवून मग त्यालाच प्रश्न द्यावा, हे उचित नव्हे. प्रश्न सर्वांपुढे ठेवावा. कोण कोठवर जातो ते मग दिसते.

एक उदाहरण घेऊ. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये तो हिंदी अनुवादासह प्रकाशित केला. अनेक मंदिरांच्या ग्रंथभांडारांत त्याची प्रत धूळ खात असेल. त्यात काही गुणाकार असे आहेत की उत्तर गळ्यातील हारासारखे, दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा: १००००००००१. दोन टोकांना एक-एक आणि मध्ये आठ शून्ये. पाचवीच्या वर्गाला हा गुणाकार करायला लावून आपण पुढच्या पानावर जाऊ शकतो. किंवा तेथेच थांबून विचारू शकतो: ११, १०१, १००१, १०००१ असे मध्ये एकेक शून्य वाढवत गेलो, तर कोणकोणत्या संख्यांना ७ ने निःशेष भाग जाईल?

भागाकार येणारे कोणतेही मूल येथे सुरुवात करू शकते. ११ ला जात नाही, १०१ ला नाही, १००१ ला जातो, १४३ येतात. मग पुढे पाच संख्या ओळीने नकार देतात आणि आठ शून्यांशी पुन्हा भाग जातो. कोणीतरी म्हणेल, दोन आणि आठ, म्हणजे पुढे चौदा. ते पडताळून पाहावे. आणि मग वर्गातले एखादे मूल, बहुधा जे आजवर खिडकीबाहेर पाहत बसायचे ते, विचारेल: सहाच का? त्याला उत्तर सांगू नये. १०, १००, १००० यांना ७ ने भागून बाक्या लिहायला सांगावे. ३, २, ६, ४, ५, १ आणि पुन्हा ३. बाकी ६ आली की त्यात एक मिळवताच भाग जातो, आणि ती सहा पावलांनीच परत येते, हे त्याचे त्याला सापडेल. आज नाही तर परवा. तोवर दुसऱ्या बाकावरील मूल ३ ने या संख्यांना कधीच भाग का जात नाही, हे अंकांची बेरीज करून एका ओळीत सांगेल. तिसरे ११ च्या मागे लागेल. एकच प्रश्न, एकच वर्ग. कोणालाही वेगळे बसवावे लागले नाही आणि कोणालाही थांबवून ठेवावे लागले नाही.

मात्र एका उत्साही गणितशिक्षकाने हे केले आणि बाकीची शाळा पूर्ववत राहिली, तर फारसे साधत नाही. आठवड्यातील एका तासात विचार करायचा आणि पस्तीस तासांत उतरवून घ्यायचे, असे मुलाला शिकवले तर ते पस्तीस तासांचेच अनुकरण करणार. मराठीच्या तासाला कवीचा परिचय लिहून घेण्याऐवजी हाच शब्द का, दुसरा का नाही, हे विचारले पाहिजे. इतिहासात एकाच घटनेची दोन वर्णने समोर ठेवून कोण कोणत्या अपेक्षेने बोलतो आहे, हे शोधायला लावले पाहिजे. अनेकान्ताचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही. (गणिताच्या तासाला मात्र अनेकान्ताचा आधार घेऊन चुकीचे उत्तर बरोबर ठरवू नये, तसे प्रयत्न मुले करतात.) शिक्षकसभेत निकालाच्या टक्केवारीइतकाच वेळ, या आठवड्यात कोणत्या प्रश्नाने वर्ग अडला, या चर्चेला मिळाला पाहिजे. आणि शिक्षकाने वर्गासमोर ‘हे मलाही ठाऊक नाही, आपण पाहू’ असे म्हटले, तर मुख्याध्यापकांनी त्याची उणीव मोजू नये.

यावर एक आक्षेप ज्येष्ठांकडून नेहमी येतो: अशाने मुलांना ज्ञानमद होईल. आठ मदांत ज्ञानमदाची गणना आहे, तेव्हा ही भीती अनाठायी नाही. पण मद कोणाला चढतो? ज्याला आजवर सर्व काही सोपेच गेले त्याला. चौदा शून्यांपाशी अडकलेल्या मुलाला आपली मर्यादा कोणी सांगावी लागत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक खरा आहे. कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित असताना कित्येक वर्गांत त्याहून पुष्कळ अधिक मुले बसतात, आणि अशैक्षणिक कामे वेगळीच. त्यांच्यावर नवीन उपक्रमाचा बोजा टाकणे अन्याय होईल. म्हणून उपक्रमांची यादी वाढवू नये. गृहपाठातील दहा उदाहरणांपैकी सात कमी करावीत आणि एक अवघड द्यावे. तपासायच्या वह्याही त्यामुळे हलक्या होतात.

समाजाच्या पाठशाळाही या चर्चेतून सुटत नाहीत. स्वाध्यायाचे पाच प्रकार आपण मुलांकडून पाठ करून घेतो: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. प्रत्यक्षात चालतात ती वाचना आणि आम्नाय. पृच्छना दुसऱ्या क्रमांकावर असूनही, नऊ वर्षांच्या मुलीने ‘पाण्यात जीव असतात, मग गाळल्यावर ते कोठे जातात?’ असे विचारले, तर तिला बहुधा गप्प बसवले जाते. वास्तविक त्या प्रश्नातून जिवाणीची सर्व चर्चा निघते, गाळलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात का सोडायचे तेही निघते, आणि सूक्ष्मदर्शक असेल तर विज्ञानाचा एक तासही.

ज्या संस्थांच्या विश्वस्तमंडळांवर या मासिकाचे वाचक आहेत, त्यांनी वर्षारंभीच्या बैठकीत निकालाचा तक्ता पाहून झाल्यावर दोन-तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. सातवीच्या एखाद्या वहीत शिक्षकांना अपेक्षित नसलेले उत्तर सापडते काय? मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? आणि गणितसारसंग्रहाची प्रत मंदिरात असेल, तर ती शाळेत न्यायला कोणाची परवानगी लागते?